गाडी नसलेल्या घराचा परवाना

प्रिय भुंग्या,

सगळं शहर तुला आता साहेब म्हणतं, पण पत्राच्या वर ते लिहायला माझा हात वळला नाही. लहानपणी अभ्यास करताना सारखा गुणगुणायचास म्हणून आईनं ठेवलेलं नाव आहे हे, आणि माझ्या तोंडात अजून तेच येतं. तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. ‘ताई रागावलीय का?’ हे तुझ्या बायकोकडून विचारून झालं. हो, रागावलेय. पण फोनवर आपण दोघंही एकमेकांचं बोलणं तोडतो आणि शेवटी हवापाण्यावर येऊन थांबतो. पत्राला मध्येच ‘ताई, ऐक तरी’ म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी ह्यांचं सांगते, तुझ्या भाऊजींचं. आता पुन्हा उभे राहायला लागलेत. डाव्या हातानं पलंगाची कड धरून, ओठ आवळून, पण उभे राहतात. ज्या माणसानं जन्मभर पालिकेची बस चालवली तो आता पलंगापासून खिडकीपर्यंत जाण्याला ‘लांब पल्ल्याची फेरी’ म्हणतो. पक्षाघाताच्या झटक्यानंतर शब्द जड झालेत, जीभ अडखळते, पण थट्टा काही सुटली नाही. नर्सबाई रोज सकाळी येतात, आंघोळ घालतात, उजव्या पायाचा व्यायाम करून घेतात. तू म्हणशील, मग सगळं छान चाललंय की. चाललंय. पण मध्यंतरी जे झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलंय, आणि प्रत्येक तुकडा ऐकताना तू घाईत होतास.

गल्लीत गाडी लावायच्या परवान्यांची मागणी खोटी नव्हती, हे मी आधीच कबूल करते. मागच्या रस्त्यावर तो मॉल झाला आणि आपल्या गल्लीचं वाहनतळ झालं. ह्यांची चाकाची खुर्ची दाराबाहेर काढायची तर आधी कुणाच्या तरी बंपरची विनवणी करायची. म्हणून रहिवाशांना परवाने द्या या अर्जावर मीही सही केली. नगरसेवक म्हणून तू तो अर्ज पालिकेत मांडलास, त्या दिवशी मी गिऱ्हाइकांची मापं घेताना प्रत्येकीला सांगत होते, माझ्या भावानं मांडलाय. याच रस्त्यावर तू सायकल शिकलास, मी सीट धरून मागे धावायचे आणि तू ‘सोडू नकोस, सोडू नकोस’ म्हणून ओरडायचास. तेव्हा हा रस्ता कुणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता.

मग खांब उभे राहिले, पाट्या लागल्या, पांढऱ्या रेघा मारल्या गेल्या. आणि नियम कळला: परवाना गाडीमागे एक. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे तीन गाड्या, त्यांना तीन परवाने. आमची गाडी आम्ही ह्यांच्या आजारपणात विकली, आम्हाला शून्य. मी पालिकेच्या खिडकीपाशी गेले. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, “गाडीचा नंबर?” म्हटलं, गाडी नाही. “मग परवाना कशावर चिकटवणार?” म्हटलं, घरी आजारी माणूस आहे, नर्स येते, तिच्या गाडीवर. “मग त्यांनी त्यांच्या घराजवळचा काढावा ना, बाई.” त्याला वाटलं, फार साधा प्रश्न सोडवला त्यानं. पाहुण्यांसाठी वेगळी सोय आहे म्हणाला, मोबाइलवर दोन दिवस आधी नोंद करायची, तीही महिन्यातून मोजक्याच वेळा. आमच्याकडे नर्सबाई पाहुण्या म्हणून येत नाहीत रे. त्या आल्या नाहीत तर ह्यांची आंघोळ होत नाही.

त्यांना दंड झाला, पुन्हा झाला. मग त्या गाडी लांब लावून पायी यायला लागल्या आणि येण्याजाण्यात व्यायामाची वेळ जायला लागली. शेवटी त्यांच्या संस्थेनंच सांगितलं, या गल्लीत आमची माणसं पाठवणार नाही. नर्सबाई सांगायला स्वतः आल्या, दारातच उभ्या राहिल्या. “ताई, माझा इलाज नाही,” एवढंच म्हणाल्या. मी त्यांनाच धीर दिला आणि दार लावून घेतल्यावर मला कळेना, आता मला धीर कोण देणार. पुढच्या आठवड्यात मी ह्यांना एकटीनं न्हाणीघरात नेलं आणि हे घसरले. मला उचलता येईनात. मी त्यांच्याजवळ ओल्या फरशीवर बसून राहिले, त्यांना टॉवेल पांघरला आणि कोपऱ्यावरच्या सुताराला फोन लावला, कारण तुझा फोन तुझ्या माणसानं उचलला होता आणि साहेब बैठकीत आहेत म्हणाला होता. सुतार हातातलं काम टाकून आला. लागलं फारसं नव्हतं. पण ज्या पायावर हे दारापर्यंत जायला लागले होते तो पाय भ्याला. पाय भितो, भुंग्या. त्याला पुन्हा समजवावं लागतं.

त्यानंतर मी काय केलं ते तू वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलंस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची एक गाडी बाहेर पडली तशी मी ह्यांना खुर्चीसकट त्या रिकाम्या चौकोनात नेऊन बसवलं, ब्रेक लावला, शेजारी माझं शिलाई मशीन मांडलं आणि एका साहेबांच्या पँटची उंची कमी करायला घेतली. दंडाच्या पावत्या फाडणारा आला. चांगला माणूस आहे, घाबरत घाबरतच म्हणाला, “मावशी, ही जागा वाहनांसाठी आहे.” मी म्हटलं, याला चाकं आहेत, ब्रेक आहे, आणि चालक तर पालिकेचाच निवृत्त माणूस आहे. तेवढ्यात ह्यांनी मान वळवली आणि एकेक अक्षर जुळवत म्हणाले, “ला-य-सन... दाखवू?” तो बिचारा हसावं की लिहावं या पेचात पडला. नंबराची पाटीच नाही म्हटल्यावर पावती फाडणार कुणाच्या नावानं! त्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा आला, तोवर गाण्याच्या बाई आपली सतरंजी घेऊन पुढच्या चौकोनात बसल्या होत्या. लांबून येणारे त्यांचे विद्यार्थी याच नियमानं गळाले होते. सुतारानं बाक आणून टाकला. ज्यांच्या घरी गाडी नाही ती सगळी माणसं एकेक करून बाहेर आली, आणि मला पहिल्यांदा कळलं की आम्ही किती आहोत. गाड्या दिसतात रे, गाडी नसलेली माणसं दिसत नाहीत.

म्हणून तर पालिकेला ती सुनावणी ठेवावी लागली. तू वर मंचावर होतास, मी खाली. मला भाषण येत नाही, मी एकच वाक्य घोकून आले होते: परवाना गाडीला देऊ नका, घराला द्या. प्रत्येक घराला एक, मग त्यावर कुणी आपली गाडी लावेल, कुणी नर्सची. बोलून झालं आणि तू माईक ओढून म्हणालास, “आपल्या भावना आम्ही समजू शकतो.” आपल्या! मी ‘आपण’ केव्हापासून झाले? आणि आम्ही कोण? तरीही मी मनात म्हटलं, असू दे, सभागृहात असंच बोलावं लागत असेल. मग हात वर करायला सांगितलं. आहे तोच नियम कायम ठेवा म्हणणाऱ्यांचे. मी बाकी कुणाचे हात पाहिलेच नाहीत. तुझा पाहिला. आधी कानामागे खाजवल्यासारखा गेला आणि मग वर गेला. मी बहीण आहे, मला दिसलं की तुला तो वर न्यायचा नव्हता. पण नेलास.

नियम तसाच राहिला. त्यानंतर तू घरी आलास आणि ताकाला जाऊन भांडं लपवत बसलास. ह्यांची विचारपूस केलीस, माझ्या मशीनला नवा पट्टा हवा का विचारलंस. निघताना टेबलावर पाकीट ठेवलंस आणि म्हणालास, “नर्ससाठी. वर्षभराचा आहे. कुठं बोलू नकोस.” खोटं कशाला सांगू, मला खरंच मोह झाला होता. तू गेल्यावर मी तो परवाना पाकिटातून काढला. ह्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, पाय तुमचा आहे, तुम्ही ठरवा. हा घेतला तर नर्सबाई उद्यापासून येतील. ह्यांनी विचारलं, “गाण्या-च्या बाईं-ना?” म्हटलं, त्यांना नाही, त्यांचा भाऊ नगरसेवक नाही. ह्यांनी डाव्या हातानं तो कागद माझ्याकडे ढकलला, आणि टेबलावरून खाली पडेपर्यंत ढकलत राहिले. एवढी ताकद त्यांनी व्यायामात कधी लावली नव्हती.

सुतारानं आपल्या कारखान्याच्या आवारातली लाकडं एका बाजूला रचून नर्सबाईंच्या गाडीला जागा केलीय. संस्थेनं ते मान्य केलं. म्हणून हे पुन्हा उभे राहतात, तुझ्या परवान्यामुळे नाही. पण आवार सुताराचं आहे, उद्या त्याला लागेल. आणि वरच्या टोकाच्या त्या आजी, त्यांना बघायला येणाऱ्या मुलीनं कुठं गाडी लावायची? सगळ्या गल्लीनं कुणा ना कुणाच्या आवारात किती दिवस राहायचं?

तर आता खरं कारण. या पाकिटात तुझा तो परवाना परत पाठवलाय, जपून ठेव किंवा फाडून टाक. आणि दुसरं, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून टपालाची वाट न पाहता हे पाकीट मी हातोहात पाठवतेय. पुढच्या निवडणुकीसाठी आपल्या प्रभागातून मी आज अर्ज भरला. हो, तुझ्या विरुद्ध. गाण्याच्या बाई सूचक आहेत, सुतार अनुमोदक. तुझी माणसं म्हणतील, शिंपीण आहे, तिला काय कळतं. म्हणू देत. तू मात्र म्हणू नकोस, तुला माहितेय मी उसवायला घेतलेलं पुन्हा शिवल्याशिवाय सोडत नाही. कदाचित मी पडेन. पण पुढच्या वेळी हात वर करायला सांगतील तेव्हा खाली बसून तुझ्या हाताकडे बघत राहणार नाही, माझा स्वतःचा हात तिथं असेल. प्रचारात मी तुझ्याबद्दल वावगा शब्द बोलणार नाही, पण तू कुठं हात वर केलास ते दारोदारी सांगेन. आणि रविवारी नेहमीसारखा जेवायला ये. हे तुझी वाट बघतात. गाडी मात्र लांब लाव, आमच्या दारात परवाना लागतो.

तुझीच, आणि तुझ्याच विरोधात उभी,
ताई