कॉलरच्या आतला रक्तगट

दि. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आतलं कात्रण पोचलं. ओ सोडून बाकीच्या रक्तगटांना हृदयविकाराचा धोका जरा जास्त, त्यातही एबीला सगळ्यांत, असा त्यातला मथितार्थ. मी लगेच कपाटातून जुना राखाडी स्वेटर काढून कॉलरच्या आत पाहिलं. इतर आया तिथे मुलाचं नाव शिवतात. आपली आई नर्स, तिने लाल धाग्याने रक्तगट शिवला. माझा ओ. तेव्हा सप्त चिरंजीवांमागे आठवा मी, असं समजून निश्चिंत राहावं.

बाकी क्षेम. घड्याळाचा मनोरा सकाळी धुक्यात असतो. किल्ली द्यायला चढतो, तेव्हा खालचं गाव दुधात विरघळल्यासारखं दिसतं. हल्ली मधल्या खिडकीशी बसतो थोडा वेळ. छातीवर कुणी अलगद मांजर ठेवल्यासारखं वाटतं. जरा टेकलं की ते उठून जातं. वयोमानाने आलेलं वैराग्य असावं. खरं सांगायचं तर मला त्याची सवय लागली आहे.

लोभाचा लंबक असाच हलता ठेव.

तुझा,
पंडित

दि. ९ ऑक्टोबर

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं मांजर वाचलं आणि हातातली सुई नाटकातल्या राजाच्या अंगरख्यातच राहिली. आज रंगमंचावर राजा ओरडला, तर तो अभिनय नव्हे.

अरे विद्वाना, राखाडी स्वेटर तुझा कधी झाला? तो माझा. मला आखूड झाला तेव्हा आईने बाह्या वाढवून तुझ्या गळ्यात मारला. अक्षर उसवायला तिला ड्यूटीतून सवड मिळाली नसणार. ओ मी आहे; रक्तदान करते, पक्कं ठाऊक आहे. तू सुई दिसली की पळायचास, म्हणून तुझा गट कुणी पाहिलाच नाही. आयुष्यभर माझं रक्त मिरवलंस.

आणि ओ असतास तरी मांजर बसतंच आहे ना? बाबा आठवतात का? जिन्यात मध्येच थांबून खिडकीतून बघत राहायचे. आपल्याला वाटायचं, त्यांना आकाश आवडतं.

उद्याच डॉक्टरांकडे जा. घड्याळ बंद पडलं तर पडू दे.

माया आहेच, पण या खेपेला ती रागाखाली दबली आहे.

ताई

दि. २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हॉस्पिटलच्या खाटेवरून. घाबरू नकोस, घाबरायचं ते झालं.

हृदयाची एक धमनी बरीच अरुंद झाली होती. तिथे बारीक जाळी बसवली. रक्तगट निघाला एबी. मी डॉक्टरीणबाईंना स्वेटरचा सगळा इतिहास सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, की गटाने धोका थोडाफार वाढतो, एवढंच; चढताना छाती भरून येते हे कळल्यावर ओ असतात तरी इथेच झोपवलं असतं. फक्त स्वेटरवर विसंबला नसतात, तर एवढ्या उशिरा आला नसतात, असंही म्हणाल्या.

गुंगीत मी मनोरा चढत होतो. सगळीकडे धुकं, आणि मधल्या खिडकीशी बाबा बसलेले. मांडीवर मांजर. सरकून त्यांनी मला जागा करून दिली. फार बसावंसं वाटलं, ताई. मी त्यांना सांगितलं, की ताई रागावली आहे. ते हसले आणि म्हणाले, मग तू आधी खाली जा.

इथून मनोरा दिसतो. काटे थबकलेत, गावात कुणाचं काही अडलेलं दिसत नाही, हे जरा मनाला लागलं.

स्वेटर मात्र परत मागू नकोस. आता त्याच्यावर विसंबणार नाही, पण ऊब अजून आहे. येशील तेव्हा सुई आणि लाल धागा घेऊन ये. ओच्या शेजारी दोन अक्षरांपुरती जागा आहे. या वेळी सुई पाहून पळणार नाही.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून किल्ली देत जा.

तुझा,
पंडित