किती शिट्ट्या झाल्या?

प्लेनो (अमेरिका), रविवार

प्रिय शैला,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू पत्र न उघडताच फडताळात टाकशील याची मला खात्री आहे. म्हणून नंदूला बजावलंय, काकू पत्र वाचायला घेईपर्यंत त्यांच्या घरचा चहा घ्यायचा नाही. नंदू म्हणजे देवदत्तच्या ऑफिसातला नागपूरचा मुलगा, सुट्टीवर येतोय. चहाचा भारी शौकीन आहे, तेव्हा त्याला फार ताटकळत ठेवू नकोस. त्या दिवशी फोनवर मी जे बोललो त्यावर तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून माझ्याशी अबोला धरलास. बरोबरच केलंस. तुझ्या जागी मी असतो तर वर चार शिव्याही हासडल्या असत्या. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी आन्याच्या स्पर्धेचं वाच, कारण त्याशिवाय पुढचं तुला पटायचं नाही.

तू आपल्या लेकीच्या, लताच्या बाळंतपणाला भारतात निघालीस त्याच आठवड्यात या स्पर्धेचं सुरू झालं. सहावी ते आठवीतल्या बहिऱ्या मुलांसाठी सायन्स आणि इंजिनिअरिंगची स्पर्धा आहे. आपल्या नातीच्या शाळेतून तिघी मुलींची टीम निघाली. नियम असा की ओळखीतल्या एखाद्या खऱ्या माणसाची खरी अडचण शोधायची, त्यावर काहीतरी बनवायचं, त्या माणसाला ते वापरायला द्यायचं आणि मग जजेसना दाखवायचं. पहिल्या येणाऱ्या टीमला उन्हाळ्यात देशभरच्या मुलांबरोबर फायनलला जायला मिळतं. आन्याला तिथे जायचंच होतं. ट्रॉफीचं तिला फारसं नव्हतं गं. टीममधल्या दोघींची डब्याची सुट्टी वेगळी, त्यामुळे शाळेत डबा खाताना आजूबाजूला सगळी तोंडाने बोलणारी, ही आपली डब्यात बघत जेवते. फायनलला म्हणे जेवणाच्या प्रत्येक टेबलावर सगळी मुलं हातांनी बोलतात. तिला त्या टेबलावर बसायचं होतं.

आता कुकरचं. तू गेलीस आणि सकाळचा कुकर माझ्या गळ्यात पडला. तू देवघरातून ओरडायचीस, अहो, किती शिट्ट्या झाल्या, आणि मी तोंडाला येईल तो आकडा सांगायचो, आठवतं? तुझ्या मनात तुझा वेगळा हिशेब चालूच असायचा, म्हणून निभावलं. तू गेल्यावर वरणाची पार दैना झाली. कधी डाळ टचटचीत, कधी भांड्याला असा काही कोळसा लागलेला की घासताना रेणूच्या हाताला फोड यायचे बाकी राहिले. सून गुणाची, म्हणून एवढंच म्हणाली की बाबा, टायमर लावत जा ना. मी तिला ऐकवलं, आमच्याकडे डाळ शिट्ट्यांवर शिजते, मिनिटांवर नाही. तेवढा तोरा अजून शिल्लक होता.

असाच एकदा ओट्यापाशी उभा होतो. कुकर चालू होता. सहज मागे वळलो तर आन्या माझ्या पाठीमागे उभी, एका हातात तुझी ती काठाला पोचा आलेली स्टीलची ताटली, दुसऱ्या हातात पळी. ती ताटली बडवत होती. कधीपासून बडवत होती देव जाणे. आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू असं दोन्ही होतं. शैला, तुला ती ताटली आठवत असेल. आन्या पाळण्यात होती तेव्हा तुला शंका आली, आणि देवदत्त नको नको म्हणत असताना तू तिच्या उशाशी हीच ताटली वाजवली होतीस. पोर शांतपणे पंख्याकडे बघत राहिली होती. ही गोष्ट आपण तिला शंभर वेळा सांगितलीय. तिने तीच परीक्षा माझी घेतली, आणि मी नापास झालो.

हो. मला ऐकू येत नाही. अगदी ठार नाही, पण कुकरची शिट्टी नाही, दाराची बेल नाही, बायकांचे आणि मुलांचे आवाज तर निम्मे हवेतच विरतात. दीड-दोन वर्षं तरी झाली. जन्म टेलिफोन खात्यात काढला. लाइनीतली नुसती खरखर ऐकून कुठल्या खांबावर फॉल्ट आहे ते सांगायचो, आणि आता हे! कुणाला कसं सांगणार? पण खरं सांगू का, त्याहून मोठी लाज वेगळीच होती. आन्याला मी लहानपणापासून सांगत आलो, कानाचं काय घेऊन बसलीस, त्यात लाजायचं काय! मनापासून सांगायचो. आणि वेळ माझ्यावर आली तर मी तोंड लपवून बसलो. त्या पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवणं मला जड जात होतं. मी तिला हाताने विनवलं, कुणाला सांगू नकोस. तिने हनुवटी वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून वचन दिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिघी मुली आपल्या किचनमध्ये ठाण मांडून बसल्या. कुकरच्या दांड्याला चिकटणारी एक डबी केली. शिट्टी उडाली की दांडा हादरतो, तो हादरा डबीला कळतो आणि मनगटावरचा पट्टा थरथरतो. ठरलेल्या शिट्ट्या झाल्या की ओट्यावरचा लाल दिवा लागतो. सुरुवातीला शेजारी मिक्सर लावला की पट्ट्याचं डोकं फिरायचं, शिट्ट्यांमागून शिट्ट्या मोजत सुटायचा. मुलींनी डबीखाली रबर घातलं, पुन्हा सगळं जुळवलं. मी रोज पट्टा बांधून वरणभात करायचो. देवदत्त-रेणूला वाटायचं, आजोबा लेकरांची हौस पुरवतायत.

स्पर्धा शुगर लँडला होती. आम्ही सगळे ड्राइव्ह करून गेलो, कुकर माझ्या मांडीवर. जज स्वतः बहिरे होते, चांगले इंजिनिअर, हातांनी झरझर बोलणारे. बाकी कानवाल्यांसाठी एक बाई माइकवर सगळं इंग्लिशमध्ये सांगत होत्या. मुलींनी छान दाखवलं. पण अमेरिकेतल्या कुकरला शिट्टी नसते गं! जजेसना वाटलं, शिट्टी म्हणजे धोक्याची सूचना, आणि ही मुलगी धोका तीनदा व्हायची वाट बघतेय! आन्याने समजावलं की आमच्या घरी आजी पदार्थ शिट्ट्यांनी सांगते, भात दोन, डाळ तीन, राजमा सहा. सगळे हसले. मग एका जजने रेणूचाच प्रश्न विचारला, टायमर का नाही? आणि पाठोपाठ दुसरा, हे वापरतं कोण? तू? आन्याने मान हलवली, मी स्वयंपाक करत नाही. मग कोण?

तिने माझ्याकडे पाहिलं. हो, मीच वापरते, असं खोटं सांगितलं असतं तर सुटली असती. तिने ते केलं नाही. तिने दोन्ही हात जीन्सच्या खिशात घातले. शैला, आपल्या घरात त्याचा अर्थ तुला सांगायला नको. आता मी एक अक्षर बोलणार नाही. मैत्रिणी तिला कोपराने ढोसत होत्या, खऱ्या माणसाशिवाय प्रोजेक्टला अर्थच नव्हता, तिचं ते टेबल हातचं चाललं होतं, आणि ही माझ्यापायी खिशात हात घालून उभी! मी उठलो. तू मला शिकवलेल्या मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितलं, मी. कानापासून ओठांपर्यंत बोट नेलं, बहिरा. शिट्टी ऐकू येत नाही. हिने बनवलं, माझ्यासाठी. आणि बाही वर करून मनगटावरचा पट्टा दाखवला. माइकवाल्या बाई त्याचं इंग्लिश करून बोलल्या असणार. मला ते ऐकू आलं नाही, देवदत्तचा चेहरा तेवढा दिसला.

मग सबंध हॉलने हात वर करून हलवले. त्यांच्या टाळ्या अशाच असतात. मला आजवर मिळालेल्या सगळ्या टाळ्यांपेक्षा या जास्त कळल्या.

पहिला नंबर नाही आला. दुसरा आला, टायमरच्या प्रश्नाने घात केला. आन्या माझ्या शर्टाला नाक पुसत रडली. नंतर बघतो तर इतर शाळांच्या मुलींबरोबर पिझ्झाच्या टेबलावर, हात नुसते उडतायत, पिझ्झा गार झालेला. फायनलचं टेबल हुकलं, पण एक टेबल मिळालं. पार्किंग लॉटमध्ये देवदत्त माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तोंडाने काही बोलला नाही, हातांनीच विचारलं, कधीपासून? मी सांगितलं. आता डॉक्टरांना दाखवून झालंय, कानातली यंत्रं यायची आहेत. आईला मीच सांगणार, असं मी त्याला बजावलंय.

तर आता तो फोन. लग्नात ज्यांनी तुला हाताला धरून बोहल्यावर आणलं, ते एकनाथमामा. तू रडत सांगितलंस, एकनाथमामा गेले. रडणं मला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं, एकनाथमामा आले. आणि मी म्हणालो, वा, छान झालं, आता दोन दिवस सोडू नकोस त्यांना, मस्त पुरणपोळी घाल! दुसऱ्या दिवशी जेवताना देवदत्तकडून खरं कळलं तेव्हा मी ताट तसंच ठेवून उठलो. तुला फोन करून काय सांगणार होतो? कानाचं सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं, आणि कानाचं सांगायचं धैर्य नव्हतं. ते मला आन्याच्या खिशातल्या हातांनी दिलं. मामा गेले, शैला. तुझं माहेर गेलं, आणि मी तुझ्याजवळ नव्हतो, फोनवरसुद्धा नव्हतो. हे वाचून झालं की नंदूला चहा दे आणि मला व्हिडिओ कॉल लाव. तोंडाने बोलू नकोस, हातांनी बोल. मामांचं सगळं सांग, शेवटी काय झालं ते सांग, माझ्यावर रागवायचं असेल तर तेही हातांनीच रागव. या वेळी माझ्या नजरेतून काही सुटणार नाही.

तुझाच,
श्रीराम