बंदरावर उभी होतीस म्हणे

प्रिय सुवर्णाताई,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडून बघत नाहीस, म्हणून कितीतरी वर्षांनी कागद घेऊन बसले आहे. अण्णा फुलं घेऊन पंचवटीत गेलेत. ते परत यायच्या आत हे लिहून कुरिअरला द्यायचंय, कारण यातलं सगळंच त्यांना कळून चालणार नाही. इकडे तसं बरं आहे. शेवंती यंदा छान आली. ह्यांची बदली टळली. अण्णांचा गुडघा धरतो, तरी मळ्यात चक्कर मारल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. तुझ्या लग्नाच्या वेळी ओट्यावर उभं राहून 'या घराची पायरी चढू नकोस' म्हणून ओरडणारा माणूस तो हाच, हे आता माझंच मला खरं वाटत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला केरळी ख्रिश्चन मुलगा त्यांना जावई म्हणून नको होता. आई गेल्यापासून तेच मला विचारतात, "जोसेफची तब्येत बरी हाय ना?"

पण तू म्हणायचीस, मी नाशिकला पाऊल ठेवणार नाही. आणि ते म्हणायचे, "जिला मी दार लावलं, तिच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?" तुम्हा दोघांच्या मध्ये मी वर्षानुवर्षं निरोप पोचवत बसले. मग ती क्रूझची जाहिरात दिसली. मुंबईहून निघून गोवा, तिथून तुझं कोची. कोचीला जहाज दिवसभर थांबणार होतं. बंदर काही तुझं घर नाही, त्यांचंही नाही. तिथे कुणाला कमीपणा यायचं कारण नव्हतं. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "ये म्हणावं त्यांना. मी बंदराच्या दारात उभी असेन." तुझा आवाज भरून आला होता. निदान मला तसं वाटलं.

ताई, अण्णांना त्या जहाजावर बघायला हवं होतंस. धोतर, टोपी आणि पायात ह्यांचे बूट. लिफ्टमध्ये शिरताना चप्पल काढावी तसे बूट काढायला लागले, तेव्हा आजूबाजूचे हसले आणि तेही हसले. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलावरच्या फुलदाणीतली फुलं चिमटीत धरून म्हणाले, "शिळी हायत." गोवा सुटल्यावर मात्र बोलणं कमी झालं. मी डेकवर त्यांना शोधत गेले तर कठड्याला धरून समुद्राकडे तोंड करून पुटपुटत होते, "सुवर्णा, चुकलं माझं." थांबले, पुन्हा म्हणाले. चारचौघांत पोरीसमोर शब्द अडकू नयेत म्हणून सराव चालला होता. मी तशीच मागे फिरले.

त्याच दुपारी जहाज थांबलं. आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. दिवे चालू, गाणी चालू, चहा-भजी चालू. फक्त पायाखालची ती बारीक थरथर बंद झाली आणि जहाज पाण्यावर कलंडल्यासारखं एका अंगानं सरकायला लागलं. मग कप्तानानं माईकवरून सांगितलं की जहाज पुढे ढकलणारे पंखे फिरवणाऱ्या दोन मोटारींपैकी एक बंद पडली आहे, काळजीचं कारण नाही. अण्णांनी लगेच विचारलं, "जळाली का? कॉइल बांधून घ्या म्हणावं." संध्याकाळी दुसरी घोषणा झाली. एका मोटारीवर जेवढं जमेल तेवढ्या वेगानं मुंबईला परत जायचं. कोची रद्द.

रिसेप्शनसमोर नुसता गलका. कुणाचं कोचीहून दुबईचं विमान होतं, कुणी भाचीच्या लग्नाला निघालेलं, एक नवं जोडपं मुन्नारच्या हॉटेलसाठी भांडत होतं. सगळे भरपाई मागत होते. मी फक्त एक फोन मागत होते. मोबाइलला रेंज नव्हती आणि जहाजाचं इंटरनेट एवढ्या लोकांनी धरल्यामुळे पार झोपलं होतं. तुला लिहिलेला मेसेज नुसता गोल गोल फिरत राहिला. कोचीचा दिवस उजाडला तेव्हा जहाज उलट्या दिशेनं मुंबईकडे रांगत होतं. तरी अण्णांनी आंघोळ करून नवी टोपी घातली आणि खिडकीशी जाऊन बसले. मी म्हटलं, "अण्णा, आज कोची नाही." तर म्हणाले, "ठावं हाय गं. पण ती तिकडं उभी असंल ना. आपण गबाळ्यावानी बसावं का?"

मुंबईच्या जवळ आल्यावर फोन वाजला. तुझा मेसेज होता. "काय म्हणती?" अण्णांनी विचारलं आणि मी वेड्यासारखी मोठ्यानं वाचत गेले. "सकाळपासून बंदराच्या दारात उभी होते. जहाज आलं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबले. अण्णा उतरले नाहीत. वरच बसून राहिले असतील, त्यांचा ताठा मला नवा नाही. आता हा विषय बंद."

वाचून झाल्यावर मला अर्थ लागला: आमचं जहाज तर कोचीला पोचलंच नव्हतं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दुसरं जहाज आलं असंल. समदी जहाजं सारखीच दिसत्यात. तिला काय ठावं आपलं कुठलं?"

ताई, दुसरं जहाज आलं नव्हतं. मी घरी आल्यावर ट्रॅव्हलवाल्यांकडून कोची बंदरात चौकशी करवली. त्या दिवशी तिथे प्रवासी जहाज लागलंच नाही. तू घरातून निघालीसच नव्हतीस. निघाली असतीस तर जहाज येणार नाही हे तुला दारावरच्या शिपायानंही सांगितलं असतं. तुला यायला जमलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. भीती वाटली, राग गिळता आला नाही, काहीही म्हणाली असतीस. पण तू स्वतः न येता सगळं खापर त्या म्हाताऱ्यावर फोडलंस. आणि माझ्या तोंडून ते त्यांना ऐकवलंस. आजवर तुझी बाजू घेऊन मी त्यांच्याशी भांडत आले. मी कुणासाठी भांडत होते तेच मला आता कळेनासं झालंय.

आणि आता ज्यासाठी लिहिते आहे ते. अण्णांनी तुझा शब्द न् शब्द खरा धरलाय. फुलबाजारात भेटेल त्याला सांगतात, "पोरगी दिवसभर उन्हात उभी राहिली माझ्यासाठी." सांगताना छाती फुगते आणि लगेच डोळे पुसतात. परवा मला म्हणाले, "ती एवढी उभी राहिली, आता मी कसला मान धरून बसू?" नाशिकरोडहून तुमच्या एर्नाकुलमच्या थेट गाडीचं तिकीट त्यांनीच काढून आणलंय, आम्हा दोघांचं. येत्या सोमवारी निघतोय. तुझ्या घरी येतोय, बंदरावर नाही. दारात उभे राहून ते तुझी माफी मागतील, तुला उन्हात ताटकळत ठेवलं म्हणून. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ. मला तू काही सांगू नकोस, मला आता तुझं खरं वाटणार नाही. फक्त बेल वाजली की दार उघड.

'तुझीच' लिहायला आज हात धजत नाही.

तृप्ती