थोरल्याची खोली

३ नोव्हेंबर

आलो एकदाचे वांची बेटावर! मकासारपासून जहाजात नुसत्या उलट्या, आणि उलट्यांतही माझा एक हात काचेच्या टाकीवर. गादीत गुंडाळून, दोरीने आवळून, पोटच्या पोरासारखी आणली तिला. खऱ्या पोटच्या पोराला अजून दोन महिने आहेत. हस्नियाचं पोट सध्या आमच्या दोघांच्या पुढे चालतं.

बंदर कचेरीने दिलेलं घर छान आहे. विटांचं, आणि मुख्य म्हणजे जमिनीवर. सासुरवाडी समोरच, समुद्रावरच जगणाऱ्या बाजो लोकांच्या वस्तीत, पाण्यात खांबांवर उभी. तेव्हा लाकडी पुलावरून सासूबाई रोज येणार, हे ओघानेच आलं. आज आल्या, टाकी पाहिली आणि विचारलं की दाराशी अख्खा समुद्र लोळतोय, तो जावईबापूंना पुरला नाही का? मी हसलो. आज मला कुणाचाच राग येत नाही.

९ नोव्हेंबर

मागच्या खोलीत टाकी बसवली. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे बरणीत सोनेरी मासे सोडण्याइतकं सोपं काम नव्हे. आधी टेबल पाणसळीत आणलं, मग वाळू धुऊन अंथरली, मग धक्क्याच्या टोकावरून, जिथे तेलाचा तवंग नसतो तिथून, बादल्या बादल्या पाणी. हस्नियाच्या चुलतभावाने भोकाभोकांचे जिवंत दगड आणून दिले. त्यांच्या पोटात हजार बारीक जीव असतात आणि तेच पाणी साफ ठेवतात. दगडांची गुहा रचली. आता लोणच्यासारखी टाकी मुरू द्यायची, घाई करायची नाही.

दोन नियम भिंतीवर लिहून ठेवले. पहिला, हात स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्यात घालायचा नाही. दुसरा, पाणी उडतं पण मीठ उडत नाही. पातळी उतरली की खारेपणा चढतो, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. एवढं कळलं की अर्धी टाकी कळली.

सासूबाईंनी नियम वाचून घेतले आणि विचारलं, समुद्राला हे कुणी शिकवलं होतं?

१४ डिसेंबर

दगडांवरचा तपकिरी शेवाळी थर गेला. पाणी असं निवळलं की टाकी रिकामी वाटते. आज नारिंगी माशांची जोडी सोडली. हस्निया खुर्ची ओढून समोर बसली आणि कासुआमीचा, म्हणजे उकडलेल्या कसाव्याचा, अख्खा डोंगर, सोबत माशाचं आंबट कालवण, माशांकडे बघत बघत संपवला. बाळाची झोळी याच खोलीत टांगायची, असं तिचं म्हणणं. मी सुखी आहे. लिहून ठेवतो, कारण कचेरीत कुणाला सांगितलं तर दृष्ट लागेल.

२८ डिसेंबर

सासूबाईंचं फर्मान निघालं. मूल झालं की नाळेसकट वार नारळाच्या करवंटीत बंद करायची, आणि बापाने ती स्वतः होडीतून नेऊन प्रवाळाच्या कड्यापलीकडे खोल पाण्यात उतरून सोडायची. वार म्हणजे बाळाचा थोरला भाऊ. मागून बाहेर येणारा थोरला कसा, असं मी विचारलं. म्हणाल्या, दुसऱ्यासाठी दार धरून उभा राहतो तो शेवटीच बाहेर पडतो, तुमच्या मकासारात एवढीही रीत नाही वाटतं. हा थोरला समुद्रात राहून जमिनीवरच्या धाकट्याला जन्मभर सांभाळतो म्हणे. हस्नियाचाही आहे तिथे. ताप आला की ती अजून त्याच्या नावाने पाण्यात विड्याचं पान सोडते.

मला पोहता येत नाही. बंदर कचेरीतल्या माणसाला! हे फक्त हस्नियाला ठाऊक आहे. या वस्तीत मुलं चालायच्या आधी पोहतात आणि म्हाताऱ्यांना जावयाची फजिती म्हणजे सणच.

७ जानेवारी

मुलगी झाली. लाल, रागीट, सासूबाईंवर गेलेली. मनगटात मी काळा दोरा बांधला, त्यात कवडी. गाठ वेडीवाकडी बसली, पण माझी आहे.

लगेच करवंटी हातात आली. पश्चिमेचा वारा सुटलाय, लाटा धक्क्यावरून पलीकडे पडतायत. पुलावर सगळी पाणबुडी मंडळी जावई कसा बुडतो ते बघायला जमलेली. एकाने ओरडून विचारलं की दाजी, पाण्यात शिरताना बूट काढणार ना? मी म्हटलं, मी एकटाच खाडीच्या बाजूने जातो, कुणी मागे यायचं नाही. वळसा घालून मागच्या दाराने घरात आलो.

समुद्राचं पाणी, समुद्राची वाळू, समुद्राचेच दगड. समुद्र याहून वेगळा काय असतो? करवंटी गुहेत खोल सरकवली. न्हाणीत डोक्यावर बादली ओतून घेतली आणि निथळत पुलावर गेलो. लोकांनी पाठ थोपटली. सासूबाईंनी पहिल्यांदा मला आधी वाढलं.

११ जानेवारी

पाणी नासेल, माशांवर संकट येईल, असं वाटलं होतं. करवंटी गुपचूप काढून पुरायची, असं ठरवलंही होतं. पण पाणी कधी नव्हतं इतकं निवळ आहे. फक्त मासे दिसत नाहीत. गुहेत बसले असतील.

पोरगी टाकीच्या खोलीत शांत असते. बाहेर नेली की आकांत करते.

१६ जानेवारी

मासे नाहीत. काटाही नाही.

पातळी चार बोटं उतरली. एवढं पाणी उडालं असेल तर खारेपणा चढायला हवा. मोजला. जसाच्या तसा. पुन्हा मोजला, नळी बदलून मोजला. म्हणजे पाणी उडत नाही. मिठासकट जातंय. टाकी गळत नाही, टेबल कोरडं आहे. पण टेबलाच्या पायापासून झोळीपर्यंत फरशीवर मिठाची पांढरी वाळलेली रेघ. मी पुसली. जेवायच्या वेळी परत होती.

१९ जानेवारी

पोरीच्या ओठांवर मीठ. मी बोटाने पुसून चाखलं. दूध तोंडात घेते आणि थुंकते. रडते तेव्हा डोळे कोरडे. अंग हलकं होत चाललंय.

हस्निया वाळली आहे. दुपारी सहज म्हणाली की अहो, दोघांचं नाही पुरत माझ्याने. कोण दोघं, असं विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मीच विसरभोळा.

२१ जानेवारी

करवंटी काढायला गेलो. साबणाने हात धुतले, नियम म्हणजे नियम. गुहेत चाचपलं. करवंटी उघडी. दोन्ही वाट्या आतून चाटूनपुसून स्वच्छ.

हात बाहेर घेताना गुहेतून काहीतरी माझ्या तळव्याला लागलं. मऊ. कोमट. पाणी गार होतं.

२२ जानेवारी

सासूबाईंना सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. शिव्या आल्या नाहीत. त्या खाली बसल्या, फरशीवरच, आणि झोळीकडे बघत राहिल्या. तेव्हा मी घाबरलो.

मग बोलल्या. समुद्रात सोडला की त्याला त्याचे पूर्वज भेटतात, घर मिळतं, पोट भरतं. म्हणून तो सांभाळतो. तू त्याला खोली दिलीस. एकट्याला, उपाशी, आणि समोर काचेपलीकडे आईच्या कुशीत धाकटी. तो काय करील? तू काय केलं असतंस?

उतारा विचारला. तेव्हा मात्र चवताळल्या. आजवर बाजोंच्या सात पिढ्यांत असा शहाणा जन्मला नाही, तर उतारा कुणाच्या बापाने शोधून ठेवलाय!

शेवटी ठरलं की सगळी टाकी, पाणी वाळू दगड, थेंबन् थेंब समुद्रात न्यायची. तोवर पोरीला सासूबाईंनी आपल्या घरी न्यायचं.

२३ जानेवारी

नेता येत नाही. पुलाच्या मध्यावर पोरीचा श्वास थांबला. निळी. सासूबाई धावत परत. टाकीच्या खोलीच्या उंबऱ्यावर श्वास आला. पुन्हा नेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हस्नियाने नेऊ दिलं नाही. बाहेर वारा —

मी बादल्या काढतोय. सकाळपासून. पातळी उतरत नाही.

२४ जानेवारी

हात सोलले. पातळी तीच. नाही, जास्त. काठाला आली. एक थेंबही मी घातलेला नाही.

सासूबाई काठाशी बसून त्याच्याशी बोलतात. बाळा म्हणतात. माझ्या वाटचं घे म्हणतात. विड्याचं पान सोडलं. पान काचेला आतून चिकटलं, मग फाटलं.

काच फोडायची म्हटलं. सासूबाईंनी हातोडा काढून घेतला. तिचा श्वास त्याच्याशी बांधलाय, असं म्हणाल्या. मला दुसरं काही —

२५ जानेवारी, दुपार

पोरगी दूध प्यायली! पोट भरून. गुटगुटीत वाटते. हस्निया हसली. सासूबाई हसल्या नाहीत. पोरीचा वास घेतला आणि उठून पुलाकडे गेल्या, भगताला आणते म्हणून. चप्पल न घालता.

मी झोळीशी बसलोय. ऊन आहे. वारा पडलाय. सगळं बरं आहे. बरं आहे.

केस ओले का हिचे —

दोरा नाही. मनगटात दोरा नाही. झोळीत शोधला, चादर झटकली. पडला असेल. हस्निया झोपली आहे, तिच्या हाताखाली असेल.

डोळे उघडले. माझ्याकडे बघते. बघतो. पापणी लवत नाही.

टाकीत —

गुहेच्या तोंडाशी हात. इवला. मूठ उघडते, मिटते. काळा दोरा. कवडी. गाठ वेडीवाकडी —

माझी गाठ.

बुडबुडे येतायत. बारीक. अजून येतायत. ती आत आहे, माझी पोर आत आहे आणि श्वास —

हात धुतले नाहीत. घातला. खांद्यापर्यंत. तळ लागत नाही. दोन वीत टाकी आणि तळ लागत नाही. डाव्या हाताने लिहितोय, सासूबाईंना कळावं, झोळीतल्याला दूध देऊ नका, ती आत —

धरलं. तिने माझं बोट धरलं. घट्ट. ओढतोय. येतेय. येते —

झोळीचा दोर करकरला. फरशीवर ओलं काहीतरी उतरलं. माझ्या मागे. पायाला हात —

मला पोहता