वाढलेलं प्रोटीन

८ जुलै
सुहासच्या कंबरदुखीपायी तपासलेल्या रक्ताचे रिपोर्ट आले. मीच उघडले. टोटल प्रोटीन हाय, जाड अक्षरात. डॉक्टरांची वेळ अजून लांब, तोवर काय हातावर हात धरून बसू? आईची शुगर वाढली तेव्हा साखर बंद केली होती, तसंच हे. अंडी, डाळ, सुके बांगडे बंद.
"ताई, मालवणी माणसाला दुधी घालतेस, पाप लागेल."
लागू दे. धाकटा आहे, ऐकेल.

१७ जुलै
पेज, दुधी, पडवळ. कामावरून अर्ध्या दिवसात परत आला. पँट ढिली झालीय. पायावर सूज कसली ते कळत नाही. पथ्य चालूच.

२४ जुलै
मायलोमा. हाडांच्या आतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. त्या एकच प्रोटीन बनवत सुटल्यात, कामाचं नाही, रक्तात नुसती गर्दी. अंगाला लागतं ते अल्ब्युमिन उलट घटलंय, सूज त्याचीच.
पथ्याचं सांगितलं तर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे खाण्याने वाढलेलं नाही हो. किडनी अजून ठीक आहे. त्याला खायला घाला, केमो झेपली पाहिजे."
भावाला उपाशी मारत होते मी. देवा रे.
रिक्षा साकीनाक्याला अडकली. तो म्हणाला, "चल, दुधी तरी सुटला." मला हसू आलं नाही.

२ ऑगस्ट
श्रावण चालू. आमच्या घरात श्रावणात कधी मासा शिजला नाही. देवाला सांगितलं, रागवायचं तर माझ्यावर रागव. मरोळ बाजारात नेहमीची कोळीण बघतच राहिली.
"श्रावणात, ताई?"
"भाऊ आजारी आहे."
सुरमईचे मधले तुकडे काढून दिले तिने.

११ ऑगस्ट
केमो सुरू झाल्यापासून तोंडाला चव नाही. दोन घास, की ताट सरकवतो. आज ओरडले त्याच्यावर. मग मोरीत जाऊन रडले. भांडी तशीच पडलीत.

१९ ऑगस्ट
प्रोटीन तपासायला त्याचं पुन्हा रक्त दिलं. ते वाढलेलं खाली आलं तर औषध लागू पडतंय म्हणायचं. रिपोर्ट परवा.
जेवताना त्याने विचारलं, "ताई, मी हे खातो ते मला लागतं, का त्या पेशींना?"
"तुला," म्हटलं आणि अजून एक तुकडा वाढला. खरं काय ते मला ठाऊक नाही. त्याने खाल्ला.