सिद्रामचा गुडघा

२६ जानेवारी १९७४, सोलापूर

आमचा गिरणीचा कबड्डी संघ जिंकला. राष्ट्रगीत सुरू झालं आणि माझे सातही खेळाडू मैदानामागे, बाद झालेले बसतात तिथं, जाऊन बसले. खेळताना गुडघा मोडला म्हणून संघातल्याच सिद्रामला गिरणीनं काढून टाकलं, त्याचा हा त्यांचा राग. मी मॅनेजर, सावधान उभा. ओरडता येईना, हलता येईना. हललो असतो तरी काय केलं असतं?

आणि प्रेक्षकांत सिद्राम. तोच गुडघा दाबत, खांबाला धरून उठला.

नंतर कॅप्टन म्हणाला, "त्यो घरी बसला, आन् आमी हुबं ऱ्हायचं व्हय, साहेब?"

मोठ्या साहेबांना कारवाईसाठी उद्या सकाळी या सातही जणांची नावं हवीत. लिहिली. खाली सही करायची राहिलीय. सिद्रामला काढलं, त्या कागदावरही माझीच सही होती. आणि त्या गुडघ्यावर तो शेवटपर्यंत उभा होता.