वहीतला रिकामा रकाना

१२ फेब्रुवारी १८६६

वीस वर्षांनी रोजनिशी उघडली आहे. कारण सरळ लिहिते – आज भर वर्गातून माझी विद्यार्थिनी उचलून नेली, आणि मी हातात खडू धरून नुसती उभी राहिले.

मेहाला. वय नऊ. आठचा पाढा म्हणत होती. कोर्टाचा शिपाई हॅट न काढता आत आला. हातात हुकूम – बाप नसलेली मुलगी, काम शिकण्यासाठी कर्नल ट्रेडवे यांच्याकडे बांधून दिली आहे, अठरावं वर्ष पुरं होईपर्यंत.

ट्रेडवे! युद्धाआधी हे अख्खं कुटुंब ज्याच्या मालकीचं होतं, तोच! मिसिसिपीच्या नव्या कायद्यात पहिला हक्क जुन्या मालकाचा आहे म्हणे. गुलामी संपली, असं याच काळ्या मुलांना मी, उत्तरेतून शिकवायला आलेल्या गोऱ्या बाईनं, फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

"बाप नसलेली?" मी म्हटलं. "तिचा बाप शनिवारी या शाळेचं छप्पर दुरुस्त करून गेला!"

"मला कशाला सांगता, बाई? कागदात बाप नाही."

पोरगी पाटी छातीशी धरूनच गेली.

१३ फेब्रुवारी

वर्ग घेतला. एकही मूल रडलं नाही. एकानंही विचारलं नाही की मेहाला कुठे गेली! त्यांना हे नवं नाही. कालपेक्षा याचाच मला जास्त धक्का बसला.

१५ फेब्रुवारी

कोर्टात गेले. कारकुनाला दटावून कागद पाहायला मागितले. त्यानं निमूटपणे यादी पुढे सरकवली.

अक्षर माझं!

माझंच. उजवीकडे झुकलेलं, एकही खाडाखोड नसलेलं. नोव्हेंबरात न्यायाधीश लँगडन यांनी शाळेच्या पटाची नक्कल मागितली होती – गरजू मुलांसाठी काही मागवायचं आहे म्हणाले. मी अभिमानानं करून दिली. एकतीस मुलं. बापाच्या नावाचा रकाना एकोणीस ठिकाणी रिकामा.

तो रिकामा का, हे मला चांगलं माहीत आहे. नाव घालायच्या दिवशी मेहालाचा बाप ॲब्सलम माझ्या टेबलासमोर हॅट हातात धरून उभा होता. शेजारी त्याची बायको केझाया.

"लग्नाचा कागद?" मी विचारलं.

"कागद कुठला, बाई! आमच्यात झाडूवरून उडी मारली की लग्न लागतं. बारा वर्षं झाली. झाडू अजून दारावर टांगलाय. आणून दाखवू?"

"आणि माझी उडी यांच्यापेक्षा उंच होती," केझाया म्हणाली. "तेही लिहून ठेवा!"

सगळे हसले. मी हसले नाही. कागदाशिवाय काही नोंदवायचं नाही, हे मी कॉलेजात शिकले आणि आयुष्यभर पाळलं. रकाना कोरा सोडला आणि म्हटलं, "पुढचा."

माणूस समोर उभा होता!

१६ फेब्रुवारी

पट काढून एकोणीस कोरे रकाने पुन्हा मोजले.

२६ फेब्रुवारी

गुलामीतून मोकळ्या झालेल्या लोकांसाठी लष्करानं जी कचेरी उघडली आहे, तिथल्या कॅप्टन हेल्मना भेटले. चाळिशी उलटलेला, थकलेला माणूस. अशा चाळीसएक तक्रारी टेबलावर. "ॲब्सलम दोनदा कोर्टात गेला," म्हणाले. "न्यायाधीश त्याला तोंडच उघडू देत नाहीत."

परत आले तर दारात केझाया. गुडघ्यांपर्यंत चिखल. ट्रेडवेच्या मळ्यावर जाऊन आली होती. कुंपणापासून हाकललं. पोरगी लांबून दिसली, पाण्याच्या बादल्या वाहत होती.

"बाई, आमची नावं कोर्टाला दिली असतील कुणी हो? आमच्यातलंच कुणीतरी असणार."

मी तिला कॉफी ओतून दिली. उत्तर दिलं नाही. मी! खोटं बोललं म्हणून पोरांना कोपऱ्यात उभं करणारी!

१७ एप्रिल

वॉशिंग्टनहून बातमी आली. अध्यक्षांनी सही नाकारली तरी काँग्रेसनं नागरी हक्कांचा कायदा पुन्हा मंजूर केला. या देशात जन्मलेला काळा माणूस नागरिक आहे. करार करील, फिर्याद करील, साक्ष देईल. कॅप्टननी कचेरीच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचला. पन्नास-साठ माणसं ऊन खात ऐकत होती.

ॲब्सलमनं विचारलं, "म्हणजे मी कोर्टात बोलू शकतो?"

"गोऱ्या माणसासारखाच."

"आणि ते ऐकतील?"

कॅप्टननी कागदाची घडी केली. "ऐकावं लागेल. पटवून घ्यायचं की नाही, ते कायद्यात लिहिलेलं नाही."

६ मे

ॲब्सलमच्या अर्जावर उद्या सुनावणी. यादी माझी, हे कॅप्टनना सांगून टाकलं. ते म्हणाले – "तुम्ही एवढंच म्हणा, की मी या बापाला ओळखते. यादी कुणी केली ते काढायचं कारण नाही. तुम्हाला इथं शाळा चालवायची आहे."

७ मे

ॲब्सलम बोलला. चार वाक्यं. "मी तिचा बाप आहे. ती जन्मली तेव्हा मी दाराबाहेर होतो. तिला चालायला मी शिकवलं. माझी पोर मला द्या."

केझायानं फडक्यात गुंडाळलेला झाडू पुढे ठेवला.

"कोर्टात कचरा फार झाला वाटतं!" न्यायाधीश म्हणाले. पुढच्या बाकांवर हशा. मग त्यांनी यादी उचलली. "ही यादी एका सुशिक्षित, विश्वासू व्यक्तीनं केली आहे. तिच्या लेखी या मुलीला बाप नाही. कायदा म्हणतो यांचं ऐका. ऐकलं. आता मी यांचं खरं मानू की हिचं?"

माझं नाव घेतलं नाही. उलट माझ्याकडे पाहून किंचित मान लववली! मला सांभाळून घेत होता तो!

यादी खरी ठरली तर मेहाला आणखी नऊ वर्षं बादल्या वाहणार. मी उभी राहिले.

"यादी माझी आहे. मीच तुम्हाला दिली. आणि ती खोटी आहे."

"अनवधानानं चूक झाली असं म्हणा, मिस होल्कोम."

"खोटी. हा माणूस माझ्यासमोर उभा होता आणि मी तो नाही असं लिहिलं. आणखी अठरा जणांच्या बाबतीत तेच केलं."

मागच्या बाजूला काळी माणसं भिंतीला टेकून उभी होती. एकेक मान माझ्याकडे वळली.

तासाभरानं न्यायाधीशांनी हुकूम रद्द केला. मेहालाला बाजूच्या दारानं आणलं. हात फाटलेले, पाटी काखेत. ॲब्सलमनं तिला उचललं. नऊ वर्षांची पोर, तान्ह्यासारखी उचलली.

केझाया लेकीकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

८ मे

कॅप्टननी ती एकोणीस नावं दुरुस्त करून कोर्टात दाखल केली. बाकी अठरा मुलांना आता हात लावता येणार नाही. शाळेला आठवड्याची सुट्टी दिली. झोप लागली, पुष्कळ दिवसांनी.

१४ मे

आठला घंटा दिली. नऊला पुन्हा दिली.

पायरीवर परत आणून ठेवलेल्या वस्तू : पाट्या एकतीस. वाचनाची पहिली पुस्तकं एकतीस, कोऱ्या फडक्यांत बांधलेली. दौत एक. मुलं – नाहीत.

तीस पाट्या स्वच्छ पुसलेल्या. एकतिसावीवर मी शिकवलेल्या अक्षरात – मेहाला. बाप : ॲब्सलम.